‘डायना’ : डायना रॉस यांचा १९८० सालचा अल्बम

‘डायना’ हा अमेरिकन गायिका डायना रॉस यांचा एकल गायनाचा अल्बम मोटाउन या कंपनीने मे १९८० मध्ये प्रकाशित केला. आठ गाण्यांच्या आणि जेमतेम पस्तीस मिनिटांच्या या अल्बममधील सर्व गाणी न्यूयॉर्कच्या ‘शीक’ या वाद्यवृंदाचे सूत्रधार नाइल रॉजर्स आणि बर्नर्ड एडवर्ड्स यांनी लिहिली, त्यांच्या चाली बांधल्या आणि निर्मितीही केली. डिस्को या नाचघरातल्या संगीताचा ठेका, फंक या ठेकेदार कृष्णवर्णीय संगीतशैलीची गिटार आणि पॉपला शोभणारी सुटसुटीत धृपदे यांच्या मिलाफातून तयार झालेला हा अल्बम रॉस यांच्या कारकिर्दीतला सर्वाधिक खपाचा स्टुडिओ अल्बम मानला जातो. मात्र नुसत्या खपामुळे त्याची एवढी चर्चा झाली नसती. त्यातील एका गाण्याला श्रोत्यांनी स्वतःचा अर्थ दिला आणि गाण्यांच्या अंतिम मिक्सिंगवरून, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांच्या मिश्रणावरून, गायिका व निर्माते यांच्यात उघड बेबनाव झाला, या दोन गोष्टींमुळे तो लोकप्रिय संगीताच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो.

रॉस यांचा जन्म २६ मार्च १९४४ रोजी डेट्रॉइट येथे झाला. फ्लॉरेन्स बॅलर्ड आणि मेरी विल्सन यांच्यासह त्या ‘द सुप्रीम्स’ या मुलींच्या गायनसमूहात होत्या. १९६४ ते १९६९ या काळात या समूहाच्या १२ गाण्यांनी अमेरिकेच्या मुख्य गीतक्रमवारीत पहिला क्रमांक गाठला. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या मोटाउनमध्ये गाण्याबरोबरच चालणे, बसणे, मुलाखत देणे आणि रंगमंचावर हात किती उंचवायचा हेही शिकवले जाई. त्यासाठी मॅक्सिन पॉवेल यांच्यासारख्या शिक्षिका आणि चोली अ‍ॅटकिन्स यांच्यासारखे नृत्यदिग्दर्शक कंपनीच्या पदरी होते. १९६७ मध्ये समूहाच्या नावात रॉस यांचे नाव पुढे आले आणि त्याच वर्षी बॅलर्ड बाहेर पडल्या. जानेवारी १९७० मध्ये लास व्हेगस येथील कार्यक्रमानंतर रॉस यांनी समूह सोडला. पुढच्या दशकात त्यांनी चित्रपटांत कामे केली, त्यांपैकी एका भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले, आणि १९७६ पर्यंत त्यांची चार एकल गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. परंतु त्यानंतर तीन-चार वर्षे गाणी येत राहिली तरी मोठे यश हाती लागेना. ॲशफर्ड आणि सिम्पसन या गीतकार-निर्मात्या जोडीने केलेला १९७९ चा अल्बम चांगला गाजला, तरी पहिला क्रमांक दूरच राहिला.

या वेळी रॉस लॉस अँजेलिस सोडून तीन मुलींसह न्यूयॉर्कला आल्या होत्या आणि नव्या पिढीच्या नाचघरांत काय वाजते याकडे त्यांचे लक्ष होते. तिथे शीकचा बोलबाला होता. रॉजर्स यांची कोरडी, कुरकुरीत गिटार, एडवर्ड्स यांचा बोलका बेस (खर्जातली गिटार) आणि टोनी थॉम्प्सन यांचे भक्कम ड्रम या तिघांच्या मेळातून ‘ले फ्रीक’ (१९७८) आणि ‘गुड टाइम्स’ (१९७९) ही गाणी निघाली होती. पण १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या चिथावणीने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या दिवशीचा दुसरा सामनाही होऊ शकला नाही. या घटनेपासून डिस्कोविरोधाला उघड धार आली. पुढच्याच महिन्यात ‘गुड टाइम्स’ पहिल्या क्रमांकावर पोहोचले खरे, पण त्यानंतर शीकचे एकही गाणे अमेरिकेच्या पहिल्या चाळिसांत आले नाही. म्हणजे रॉस यांनी ज्यांच्या हाती आपला अल्बम सोपवला, त्यांच्या स्वतःच्या नावावर बाजार तेव्हाच फुली मारू लागला होता.

रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी आरंभी कोणतेही तयार गाणे रॉस यांच्यापुढे ठेवले नाही. आधी त्यांनी रॉस यांच्याशी काही दिवस नुसत्या गप्पा मारल्या, त्यांच्या आयुष्याविषयी विचारले आणि त्या बोलण्यातून गाण्यांचे विषय काढले, असे रॉजर्स यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. सगळे उलटेपालटे करून टाकायचे आहे आणि पुन्हा मजा करायची आहे, ही गायिकेची इच्छा ‘अपसाइड डाउन’ आणि ‘हॅव फन (अगेन)’ या शीर्षकांत थेट उतरली. एखाद्या गायिकेकडून तिच्याच मनातले बोल काढून घेऊन तिलाच ते गायला देणे ही पद्धत मोटाउनच्या जुन्या कारखान्यात बसणारी नव्हती. तिथे गीतकार आधी गाणे करीत आणि मग ते कोणाला द्यायचे ते कंपनी ठरवी. ध्वनिमुद्रण मॅनहॅटनमधील ‘पॉवर स्टेशन’ या स्टुडिओत झाले. ही इमारत पूर्वी खरोखरच वीज कंपनीची होती. ध्वनिमुद्रण अभियंता होते बॉब क्लिअरमाउंटन.

‘अपसाइड डाउन’ हे अल्बमचे पहिले गाणे या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. प्रियकर बेइमान आहे हे पुरते ठाऊक असूनही त्याला सोडता न येणारी स्त्री यात बोलते. म्हणजे आशय रडका आहे, पण चाल मात्र पाय थिरकवणारी. ड्रम आणि गिटार एकमेकांत असे गुंफले आहेत की ठेका नेमका कोणाच्या हातात आहे ते सांगता येत नाही, आणि बेस त्या दोघांच्या मधून आपला वेगळा सूर चालवत राहतो. त्यावर रॉस ‘इन्स्टिंक्टिव्हली’, ‘रिस्पेक्टफुली’ असे लांबलचक, काहीसे पुस्तकी शब्द अगदी सहज, जवळजवळ कुजबुजत उच्चारतात. नाचाच्या गाण्यात असे शब्द सहसा कोणी घालत नाही. ते ओळीच्या आरंभी ठेवल्यामुळे त्यांचे तुटक अक्षर-अक्षर ठेक्याचाच भाग होऊन जाते. रॉस यांच्या आवाजाला मोठी उंची किंवा गडगडाट नाही, पण हलकेपणा, स्वच्छ उच्चार आणि किंचित मिश्किलपणा आहे. या गुणांना इतके अनुकूल गाणे त्यांना फार थोड्या वेळा मिळाले.

‘माय ओल्ड पियानो’ या गाण्यात जुन्या पियानोविषयी जिवलगाविषयी बोलावे तसे बोलले आहे, आणि ते गमतीचे आहे. ‘टेंडरनेस’ आणि ‘गिव्ह अप’ ही चपळ गाणी ऐकायला बरी आहेत, तर ‘फ्रेंड टू फ्रेंड’ आणि ‘नाउ दॅट यू आर गॉन’ ही संथ गाणी मात्र अल्बमचा वेग रोखतात. शीकची मांडणी ठेक्यावर उभी असते. ठेका मंदावला की तिच्यातला रिकामेपणा जाणवू लागतो.

अल्बममधील सर्वांत दूरवर पोहोचलेले गाणे म्हणजे ‘आय अ‍ॅम कमिंग आउट’. रॉजर्स यांच्या सांगण्यानुसार, न्यूयॉर्कमधील एका क्लबच्या प्रसाधनगृहात त्यांना डायना रॉस यांच्यासारखा वेश केलेले अनेक पुरुष एकाच वेळी दिसले. तिथून बाहेर पडून त्यांनी सार्वजनिक फोनवरून एडवर्ड्स यांना गाठले आणि ही कल्पना टिपून ठेवायला सांगितले. इंग्रजीत या शब्दसमूहाचा साधा अर्थ ‘मी बाहेर येते आहे’ असा होतो. उच्चभ्रू समाजात वयात आलेल्या मुलीच्या पहिल्या जाहीर दर्शनालाही तोच शब्द आहे. आणि समलिंगी समाजात आपली ओळख उघड करण्याला तोच. हा तिसरा अर्थ रॉस यांच्या सुरुवातीला ध्यानात आला नव्हता, असे रॉजर्स म्हणतात. न्यूयॉर्कचे प्रभावी रेडिओ निवेदक फ्रँकी क्रॉकर यांनी ध्वनिमुद्रण ऐकून याविषयी शंका काढली तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या, आणि आपली कारकीर्द धुळीला मिळवायची आहे का, असे त्यांनी निर्मात्यांना विचारले. रॉजर्स यांनी तेव्हा तो अर्थ झटकून टाकला आणि हे गाणे कार्यक्रमाच्या प्रारंभी रंगमंचावर येताना म्हणायचे आहे, असे सांगून त्यांची समजूत घातली. आपण कलाकाराशी खोटे बोललो, अशी कबुलीही त्यांनी नंतर दिली. गंमत अशी की सबब म्हणून सांगितलेली ती गोष्ट खरी ठरली. पुढची चार दशके रॉस यांचे कार्यक्रम बहुधा याच गाण्याने सुरू होत आले आहेत, आणि समलिंगी समाजानेही ते आपले प्रकट गीत म्हणून केव्हाच स्वीकारले.

त्याची बांधणीही प्रवेशाचीच आहे. आधी गिटारची एकटी किणकिण, मग ड्रमचे उसळते ठोके, मग पितळी वाद्यांची ललकारी, आणि एवढी तयारी होईपर्यंत मुख्य गायिका दाराआड थांबल्यासारखी वाटते. मधला ट्रॉम्बोन या पितळी वाद्याचा तुकडा मेको मोनार्डो यांनी वाजवला आहे. अंतराळपटाच्या संगीताची डिस्को आवृत्ती करून १९७७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले ते हेच. घसरत जाणाऱ्या स्वरांचे, थोडेसे बोजड वाद्य नाचाच्या गाण्यात आणल्यामुळे त्या तुकड्याला मिश्किल ऐट आली आहे.

ध्वनिमुद्रणाचे काम संपल्यावर खरा वाद उभा राहिला. वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित झालेले आवाज आणि वाद्ये एकमेकांत किती प्रमाणात मिसळायची हे मिक्सिंगमध्ये ठरते, आणि कोण पुढे, कोण मागे याचा निकालही तिथेच लागतो. शीकच्या शैलीत गायिका आणि वादक एका पंगतीला बसतात. गायन थांबले तरी गाणे थांबत नाही, आणि केवळ वाद्यांचे लांबलचक भाग ही तिथे भर घालण्याची जागा नसून नाचणाऱ्यांसाठी ठेवलेली मोकळीक असते. रॉस मात्र जिथे वाढल्या त्या मोटाउनमध्ये आवाज ही गाण्याची मालकीण होती आणि बाकीचे सारे तिच्या दिमतीला. शीकने सुपूर्द केलेल्या मिश्रणात आपला आवाज पुरेसा पुढे नाही, असे त्यांना वाटले. डिस्कोविरोधी वारे पाहता गाणी नाचघरापेक्षा रेडिओला जवळची व्हावीत, हाही विचार होताच. त्यांनी मोटाउनचे अभियंता रस टेराना यांना बरोबर घेऊन संपूर्ण अल्बमचे मिक्सिंग नव्याने केले. त्यात गायनाचे काही भाग पुन्हा मुद्रित झाले, आवाज पुढे आला, वाद्यांचे भाग छाटले गेले आणि गाणी एकूण अधिक आटोपशीर व चटपटीत झाली.

रॉजर्स आणि एडवर्ड्स या बदलांवर नाराज झाले. आपली नावे अल्बमवरून काढून टाकावीत का, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात नावे राहिली. या वादात कोणाची बाजू खरी हे प्रदीर्घ काळ ऐकीव गोष्टींवरच ठरत होते, कारण मूळ मिश्रण बाहेर आलेच नव्हते. २००३ मध्ये मोटाउनने अल्बमची विस्तारित आवृत्ती काढली आणि तीत शीकचे मूळ मिश्रण समाविष्ट केले, तेव्हा श्रोत्यांना दोन्ही पाठ शेजारी ठेवून ऐकता आले. मूळ पाठात हवा अधिक आहे; गिटार आणि बेस यांचे संवाद पूर्ण ऐकू येतात आणि संथ गाणीही थोडी सुसह्य होतात. मोटाउनच्या पाठात रॉस जणू श्रोत्याच्या कानाशी येऊन गातात. संगीतकाराच्या कानाला पहिला पाठ अधिक श्रीमंत वाटेल. पण ‘अपसाइड डाउन’पुरते बोलायचे तर रेडिओच्या साडेतीन-चार मिनिटांत रॉस यांचा डाव बरोबर होता, असे म्हणणे भाग आहे.

वेष्टनातही जुन्या प्रतिमेला असाच छेद दिला होता. सुप्रीम्सच्या काळापासून रॉस म्हणजे टिकल्यांचे झगमगीत गाउन आणि उंच केशरचना, असे समीकरण होते. फ्रान्सेस्को स्कावुलो यांनी काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रात त्या ओल्या केसांनी, साध्या पांढऱ्या टी-शर्टात आणि फाटक्या जीन्समध्ये दिसतात. ती जीन्स प्रसिद्ध मॉडेल जिया कॅरांजी यांची होती. नावही नुसते ‘डायना’, आडनावाशिवाय.

उन्हाळ्यात ‘अपसाइड डाउन’ स्वतंत्रपणे प्रकाशित झाले. अमेरिकेच्या क्रमवारीत ते एका आठवड्यात ४९ व्या स्थानावरून थेट १० व्या स्थानावर चढले आणि सप्टेंबर १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचून चार आठवडे तिथे राहिले. रॉस यांचे हे पाचवे एकल अव्वल गाणे. ‘आय अ‍ॅम कमिंग आउट’ अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. ब्रिटनमध्ये ‘अपसाइड डाउन’ दुसऱ्या क्रमांकावर आले आणि ‘माय ओल्ड पियानो’ने पाचवा क्रमांक मिळवला. अल्बम अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत दुसऱ्या, तर कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला.

एवढे यश मिळूनही रॉस मोटाउनमध्ये फार काळ थांबल्या नाहीत. १९८१ मध्ये त्यांनी आरसीए कंपनीशी सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला, जो त्या वेळी संगीतव्यवसायातील सर्वांत मोठ्या करारांपैकी होता, आणि तिथल्या पहिल्या अल्बमची निर्मिती त्यांनी स्वतःच केली. मिक्सिंगच्या खोलीत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न त्यांनी अशा रीतीने निकालात काढला. रॉजर्स यांनी पुढे डेव्हिड बोवी (१९८३) आणि मडोना (१९८४) यांचे विक्रमी खपाचे अल्बम केले. रॉस व रॉजर्स १९८९ मध्ये एका अल्बमसाठी पुन्हा एकत्र आले, पण तो फारसा चालला नाही. एडवर्ड्स यांचे १९९६ मध्ये टोकियो येथे निधन झाले.

पुढच्या पिढीला ही गाणी रॅपमधून भेटली. १९९६ मध्ये रॅप गायिका एमसी लाइट यांच्या एका गाण्याच्या नव्या मिश्रणात ‘अपसाइड डाउन’चा ठेका वापरला गेला. पुढच्याच वर्षी, रॅपर नटोरियस बी.आय.जी. यांच्या हत्येनंतर काही महिन्यांनी प्रकाशित झालेल्या त्यांच्या ‘मो मनी मो प्रॉब्लेम्स’ या गाण्याचा सारा डोलारा ‘आय अ‍ॅम कमिंग आउट’च्या गिटारवर उभा होता. मूळ गाणे जिथे पाचव्यावर अडले होते, तिथे हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. आणि त्यात ऐकू येतो तो पुष्कळसा रॉजर्स व एडवर्ड्स यांचा वाद्यमेळच.