‘रिफिल’ या एका शब्दामागे दडलेल्या तीन गोष्टी

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या काळात रिबनला पुन्हा शाई देण्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. 1984 मध्ये लेझर प्रिंटर टेबलावर आला आणि कागदावर अक्षर उमटवणारा ड्रम, उरलेली पावडर खरवडणारं ब्लेड, शाईची पावडर असं सगळं एकाच डब्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, बंद होऊन मिळू लागलं. सोय झाली खरी, पण पावडर संपली की धडधाकट ड्रमही फेकायचा. टोनर, म्हणजे ही पावडर, पुन्हा भरण्याचा धंदा उभा राहिला तो यातूनच.

खरा वाद पेटला तो अमेरिकेत. एका कंपनीने रिकामं कार्ट्रिज आपल्यालाच परत करायचं या अटीवर किंमत कमी ठेवली होती. ती रिकामी कार्ट्रिज भरून विकणाऱ्यांवर पेटंटभंगाचा दावा झाला. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. माझ्या मते हा निकाल फार आधी यायला हवा होता. कंपन्यांच्या हातात मग उरली ती कार्ट्रिजवरची, पानांची मोजणी करणारी चिप.

इंदूरमध्ये घोळ आहे तो शब्दाचा. आरएनटी मार्गावरच्या दुकानात ‘रिफिल’ मागितलं तर तीनपैकी काहीही हाती पडू शकतं: आपलंच कार्ट्रिज भरून, दुसऱ्याचं जुनं कार्ट्रिज ड्रम-ब्लेड बदलून, किंवा कोरं करकरीत ‘कम्पॅटिबल’, म्हणजे दुसऱ्याच कंपनीने बनवलेलं नवं कार्ट्रिज. हे तिसरं स्वस्त असतं, पण त्यात प्लॅस्टिक नवंच असतं. कचरा एका तुकड्यानेही घटत नाही. पर्यावरणाचा फायदा पहिल्या दोनमध्येच. एचपीचं 12ए हे कार्ट्रिज भरताना बघा: कारागीर पिना काढतो, कप्प्यात साठलेली जुनी पावडर झटकतो, ब्लेड पुसतो, नवी पावडर ओततो. सांगाडा, चुंबकाचा रोलर, बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा ड्रमही तोच राहतो. साधारण 2,000 पानांचं काम पुन्हा निघतं.

झटकलेल्या पावडरीचं मात्र कोणी बोलत नाही. तीही बारीक प्लॅस्टिकच आहे, श्वासातून आत जाते. मास्क लावूनच ती काढावी आणि पिशवीत घट्ट बांधावी.

भारतात 2011 च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही आलं आणि जबाबदारी उत्पादकावर गेली. इंदूरच्या कचरागाडीत आज ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. पुन्हा भरता येणारं कार्ट्रिज त्यात टाकण्याआधी एकदा दुकानात दाखवावं.