आमचं छोटं बालघर तुमच्या मुलाला मानवेल का?

(प्रवेशाचा विचार करणाऱ्या पालकांसाठी)

चौकशीला येणारे बहुतेक पालक आधी फी विचारतात आणि मग, "लिहायला कधी शिकवता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांबद्दल पुढे सांगितलं आहे. पण त्याआधी एक गोष्ट घरी बसून तपासावी अशी आमची विनंती आहे: आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना मुलासाठी थांबता येतं का? आमचं बालघर माँटेसरी पद्धतीचं आहे, म्हणजे मूल साधनं हाताळत आपलं आपण शिकतं. ही पद्धत मुलाला मानवते की नाही, हे त्याच्या स्वभावापेक्षा बरंचसं यावर ठरतं.

एका साधनावरून सांगतो. दट्ट्यांची पेटी म्हणजे लाकडाचा लांबट ठोकळा. त्यात दहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत नेमका बसणारा, घुंडीचा एकेक दट्टा. मूल सगळे दट्टे काढून चटईवर ठेवतं आणि परत बसवू लागतं. बारीक दट्टा रुंद खाचेत गेला तर लगेच काही अडत नाही, तो आत नुसता खुळखुळतो. शेवटी मात्र हातात जाडा दट्टा उरतो आणि समोर बारीक खाच. मूल तो दाबून बघतं, उलटा करून बघतं, ताईकडे बघतं. ताई शेजारीच असते, पण काही बोलत नाही. मग कधीतरी मूल आधी बसवलेले दट्टे एकेक उपसायला लागतं. कधी तसं होतही नाही. मूल पेटी जागेवर ठेवून उठतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच घेतं. ताईने "असं नाही बाळा, हा इथे" म्हटलं असतं तर पेटी चटकन भरली असती, पण आपली चूक आपल्याला सापडते हे त्या मुलाला कळलं नसतं.

आता हेच मूल घरी गेलं की कोणी त्याच्या पायात चप्पल सरकवतं, कोणी घास भरवतं, पाणी सांडेल म्हणून हातातला पेला काढून घेतलं जातं. सगळं प्रेमानेच होतं. पण मुलाचे दोन कायदे होतात, एक बालघरातला आणि एक घरातला, आणि त्यात ते चिडचिडं होतं. आजी-आजोबा दिवसभर सांभाळत असतील तर त्यांनाही आमच्याकडे घेऊन या. आमचा अनुभव असा की, कारण नीट समजावलं तर आजी सगळ्यांत आधी बदलते.

साधनं घरी विकत घेऊ नका. मुलाच्या हाताला येईल असा पाण्याचा तांब्या, सांडलं तर पुसायला एक फडकं आणि सकाळी दहा मिनिटं जास्तीची, इतकं पुरे.

पाटीवर 'माँटेसरी' लिहिलंय एवढ्यावर कोणतीही शाळा निवडू नका, आमचीही नाही. हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही लावू शकतं. महागडी लाकडी साधनं बघूनही भुलू नये. ही पद्धत घडवणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झालं. आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. तिथे आदिवासी मुलांसाठी बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. साधनापेक्षा ताईचं प्रशिक्षण कुठे झालंय आणि मूल रमलेलं असताना ती काय करते, हे बघा.

छोटं असण्याचे फायदे आम्ही सांगायला नकोत. तोटे मात्र सांगायला हवेत. अडीच ते सहा वर्षांची मुलं आमच्याकडे एकाच वर्गात असतात. धाकटी थोरल्यांकडे बघून शिकतात. पण तुमच्या मुलाच्या अगदी बरोबरीची मुलं दोन-चारच असतील, आणि त्यांच्याशी सूत जुळलं नाही तर निवडीला वाव कमी. मोठं मैदान नाही. वेशभूषा आणि नाचांचं मोठं स्नेहसंमेलन होत नाही. एक ताई आजारी पडली तर त्या दिवशी ओढाताण होते. तुमच्या मुलाला धावपळ, गाणी, खूप मुलांचा गलका हेच आवडत असेल तर चांगली मोठी बालवाडी त्याला जास्त सुखाची ठरेल, आणि तसं वाटलं तर आम्ही स्पष्ट सांगतो.

लाजऱ्या मुलाची फार काळजी करू नका. महिनाभर नुसतं बघत बसणारी मुलंही शिकत असतात. पण वयाचं तिसरं वर्ष सरलं तरी मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'शाळेत गेलं की बोलेल' म्हणून वाट पाहू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणी करून घ्या. प्रवेशाचं त्यानंतर बघू.

लिहिण्याबद्दल. खरखरीत कागदाच्या अक्षरावर मूल बोट फिरवतं आणि त्याचा उच्चार करतं: 'क', 'म', 'ल'. हाताला वळण आधी लागतं, पेन्सिल नंतर येते. वह्या भरून घरी येणार नाहीत, गृहपाठही नसतो. शेजारच्या मुलाची वही भरलेली बघून जीव कासावीस होणार असेल तर हा निर्णय आताच नीट विचार करून घ्या. साडेचार वर्षांचं झाल्यावर मूल काढून नेलं तर मधल्यामध्ये त्याचंच नुकसान होतं. धाकट्यांना दाखवण्याचं, सोनेरी मण्यांच्या साधनाने हजारापर्यंतची मोजणी गाठण्याचं बालघरातलं तिसरं वर्ष हातचं जातं. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण धरली जातात, त्यामुळे घाईचं कारण नाही. मोठ्या शाळेत गेल्यावर घंटेबरोबर काम सोडायची सवय लागायला मुलांना काही आठवडे जातात. तेवढी तयारी ठेवा.

फी तीन हप्त्यांत घेतो. पहिल्या सत्रात मूल रुळलंच नाही तर पुढचे हप्ते मागत नाही.

ठरवण्याआधी एक सकाळ येऊन बसा, पहिल्या खेपेला मुलाला न आणता. फोन बंद ठेवा, मुलांशी आपणहून बोलू नका. कोणाच्या हातून पाणी सांडलं की काय होतं ते बघा: फडकं कोण आणतं, ताई कुठे असते, बाकीची मुलं काय करतात. इतर शाळा बघायला जाल तिथेही हेच बघा. यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. एका वेळी एकाच कुटुंबाला बसवतो, कारण अनोळखी माणसं जास्त झाली की मुलांचं लक्ष उडतं.