‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ – डेमोत दिसलेला गेम कुठे हरवला?

१२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ हा व्हिडिओ गेम प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवर आला, तेव्हा त्याच्यावर तुटून पडलेल्या रागाचे अनेकांना आश्चर्य वाटले. चित्रपटांवर बेतलेले गेम सुमार निघण्याची तर सवयच झाली होती. मग याच गेमचा एवढा संताप का? त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ १९७९ मध्ये आला. १९८६ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांनी त्याचा पुढचा भाग ‘एलियन्स’ काढताना भयकथेची युद्धकथा केली. शस्त्रांनी लदलेले सैनिक, पल्स रायफलचा खडखडाट, अंधारात टिकटिकणारा, हालचाल टिपणारा मोशन ट्रॅकर. गेम बनवणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीने यातून मनसोक्त घेतले. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने तर ‘डूम’ हा गेम घडवण्याआधी याच चित्रपटाचा परवाना घेण्याचा विचार केला होता. मोकळीक राहावी म्हणून तो सोडून दिला. ‘स्टारक्राफ्ट’ आणि ‘हेलो’मधले सैनिक पाहिले की हे ऋण लगेच ओळखू येते. एलियनचे अधिकृत गेमही निघत होते, त्यातला रिबेलियन या स्टुडिओचा १९९९ चा ‘एलियन्स व्हर्सेस प्रेडेटर’ तर फारच चांगला होता. पण कॅमेरॉन यांच्या चित्रपटाची गोष्ट थेट पुढे नेणारा मोठा गेम चाहत्यांच्या वाट्याला आला नव्हता. ‘कलोनियल मरीन्स’ याच नावाचा एक गेम प्लेस्टेशन २ साठी जाहीर झाला होता, तोही मध्येच रद्द झाला.

डिसेंबर २००६ मध्ये सेगा या गेम प्रकाशक कंपनीने चित्रपटांचे हक्क असलेल्या फॉक्सकडून परवाने घेतले आणि हे काम टेक्सासच्या गिअरबॉक्स सॉफ्टवेअरकडे सोपवले. निवड चुकीची वाटत नव्हती. १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’चा ‘ऑपोझिंग फोर्स’ हा विस्तारभाग त्यांनीच केला होता, आणि त्यातही खेळाडू सैनिकच होता. २००८ मध्ये गेम जाहीर झाला. चित्रपटातले सुलाको हे अंतराळजहाज आणि एलव्ही-४२६ या परक्या जगावरची हॅडलीज होप वसाहत पुन्हा उभी राहणार होती. चित्रपटासाठी जहाजाचे कल्पनाचित्र काढणारे सिड मीड यांनाही सोबत घेतले होते. चाहत्याला आणखी काय हवे?

त्यानंतर वर्षे जात राहिली. गिअरबॉक्सचा ‘बॉर्डरलँड्स’ २००९ मध्ये आला आणि अफाट गाजला. मग वर्षानुवर्षे रखडलेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ त्यांनी हाती घेऊन २०११ मध्ये बाजारात आणला. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘बॉर्डरलँड्स २’ आला. कलोनियल मरीन्स मात्र पुढेच ढकलला जात होता. गेम आल्यानंतर बातम्या झळकल्या, की एकट्याने खेळायच्या मोहिमेचा मोठा भाग टाइमगेट या दुसऱ्याच स्टुडिओने केला होता. नेमका किती, यावर वाद झाला. माझ्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे, की या गेमला त्या सगळ्या वर्षांत पूर्णवेळ घर असे मिळालेच नाही. टाइमगेट स्वतः २०१३ मध्येच दिवाळखोरीत गेला.

खरी ठिणगी पडली ती डेमोमुळे. २०११ च्या ई३ प्रदर्शनात आणि त्यानंतर दाखवलेल्या दृश्यांत थरथरणारे दिवे होते, खोल सावल्या होत्या, भीती होती, आणि एलियन भिंतींवरून सरपटत येत होते. गिअरबॉक्सचे प्रमुख रँडी पिचफोर्ड स्वतः हे सगळे उत्साहाने समजावून सांगत होते. लोकांनी हे पाहून आगाऊ पैसे भरले. हातात आलेल्या गेममध्ये प्रकाश सपाट होता, पृष्ठभागांचे पोत अस्पष्ट होते, आणि एलियन सरळ धावत बंदुकीसमोर येत होते किंवा एखाद्या कोपऱ्यात घोटाळत उभे राहत होते. डेमो आणि गेम शेजारी शेजारी ठेवलेले व्हिडिओ काही दिवसांत सर्वत्र पसरले. तुलनेला शब्द लागतच नव्हते. गोष्टीनेही चाहत्यांना दुखावले: ‘एलियन्स’मधल्या हिक्स या सैनिकाची भूमिका करणारे मायकेल बीन त्याच्या आवाजात परतले खरे, पण तिसऱ्या चित्रपटात मेलेला हिक्स वाचला कसा, याचे पटेल असे उत्तर गेमने दिले नाही.

२०१३ च्याच एप्रिलमध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रार गेल्यावर, ट्रेलर अंतिम गेमशी जुळत नसल्याचे सेगाने मान्य केले आणि तशी सूचना जोडायची तयारी दाखवली. महिन्याच्या शेवटी अमेरिकेत दोन ग्राहकांनी सेगा आणि गिअरबॉक्सवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दावा लावला. गेम विक्रीला येईपर्यंत परीक्षणे रोखून धरल्यामुळे आगाऊ खरेदी करणाऱ्यांना सावध व्हायला वावच राहिला नाही, हाही त्यातला मुद्दा होता. २०१४ मध्ये सेगाने १२.५ लाख डॉलरच्या तडजोडीची तयारी दाखवली. गिअरबॉक्सने जबाबदारी नाकारली आणि पुढे ती दाव्यातून बाहेर पडली. निन्टेंडोच्या वी यू या कन्सोलसाठी ठरलेली आवृत्ती रद्द झाली ती झालीच.

२०१४ च्याच ऑक्टोबरमध्ये सेगानेच ‘एलियन : आयसोलेशन’ आणला. क्रिएटिव्ह असेंब्ली या स्टुडिओने सैन्य बाजूला ठेवले आणि पहिल्या चित्रपटाकडे जाऊन एकच एलियन खेळाडूच्या मागे लावला. परवाना तोच, प्रकाशक तोच. म्हणून चित्रपटावरचे गेम वाईटच निघणार, हे म्हणणे मला कधीच पटत नाही.

२०१८ च्या जुलैत जुन्या गेमची एक बारीक गोष्ट अचानक चर्चेत आली. एका मोडरला, म्हणजे गेमच्या फाइल्समध्ये बदल करणाऱ्या हौशी खेळाडूला, गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘टेदर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’ हे एक अक्षर जास्तीचे सापडले होते. टेदर म्हणजे एलियनला लढण्याच्या जागेशी जोडणारी सूचना. आपला परिसर कोणता, बाहेर पडायच्या वाटा कुठे, खेळाडूच्या मागून कधी यायचे, हे सगळे त्यावर ठरते. स्पेलिंग चुकल्याने ती सूचना लागूच होत नव्हती. अक्षर खोडून पीसीवर गेम चालवणाऱ्यांनी सांगितले की एलियन पांगतात, वळसा घालून येतात, पाठीवर झडप घालतात. सपाट प्रकाश आणि विस्कटलेली गोष्ट तशीच राहिली. पण ज्या वागण्याची लोकांनी पाच वर्षे वाट पाहिली, त्यातले बरेच काही पहिल्या दिवसापासून डिस्कवर लिहिलेले होते.