बरं झाल्यावर पुढे काय? कफर्णहूमपासून शरणपूरपर्यंत

नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीतल्या यात्रेला मेणबत्त्या लावणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ माणसं असतात. कुणाचं मूल दुखण्यातून उठलेलं असतं, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलेलं. नवस बोलायचा आणि फेडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आणि ती मनापासून पाळली जाते. पण देवानं बरं केल्यावर पुढे काय, याचं शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं, पहिलं उत्तर नवसाचं नाही. ते येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूचं आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ती भेटते. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा दिवस, कफर्णहूम गाव, म्हातारी तापानं पडून. येशूनं हात धरून तिला उठवलं, ताप निघाला आणि ती त्यांची सेवा करू लागली. एवढीच गोष्ट. तिनं आधी काही कबूल केलेलं नव्हतं, येशूनंही काही मागितलं नव्हतं. दिवस मावळल्यावर गावभरचे आजारी त्याच दाराशी आणले गेले. दुपारपर्यंत अंथरुणावर असलेली बाई तेव्हा हिंडतीफिरती होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

ताप उतरताच बाईनं लगेच कामालाच लागायचं का, असं काही जणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण याच शुभवर्तमानात पुढे येशू स्वतःविषयी सांगतो, की मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलो. त्याचं काम आधी तिनं उचललं. शिष्यांना ते उमगायला बराच वेळ लागला. लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि सुसान्ना भेटतात. आजारातून सुटलेल्या या बायका पदरचे पैसे खर्चून येशूची आणि शिष्यांची सोय पाहत होत्या.

बाळ येशू मंदिराचा कारभार येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूंकडे आहे. त्यांचा संस्थापक इग्नेशियस 1521 मध्ये स्पेनमधल्या पांपलोनाला तोफगोळ्यानं पायाला जबर जखमी झाला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण संत पेत्र आणि पौल यांच्या सणाच्या आदल्या मध्यरात्री त्याला उतार पडू लागला. पेत्रावर त्याची श्रद्धा होती. पुढच्याच वर्षी तो मान्रेसाच्या इस्पितळात रुग्णसेवा करत होता. 1537 मध्ये व्हेनिसला फ्रान्सिस झेवियर आणि इतर सोबती असाध्य रोग्यांच्या जखमा धूत होते. संघाला मान्यता मिळाली ती त्यानंतर, 1540 मध्ये.

कामिल्लो दे लेल्लिस या सैनिकाची पायाची जखम तर कधीच भरली नाही. उपचारांसाठी रोमच्या इस्पितळात आलेला हा माणूस तिथंच रुग्णांची सेवा करू लागला, आणि त्यानं काढलेल्या रुग्णसेवकांच्या संघाला 1586 मध्ये पोपनं मान्यता दिली. ज्यांची प्रार्थना अजून फळलेली नाही त्यांना मी कामिल्लोबद्दल आवर्जून सांगतो.

नाशिकचं स्वतःचं उदाहरण शरणपूरचं. चर्च मिशनरी सोसायटीनं 1850च्या दशकात ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांची सुटका रोगातून नव्हती, पण सुटकेनंतर त्यांनी केलं ते सासूबाईंनी केलं तेच. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर पूर्व आफ्रिकेत परतले आणि मोंबासाजवळ गुलामीतून सुटलेल्यांसाठी झटले. शरणपूरचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस 1874 मध्ये मोंबासाला निघाले आणि सुटका झालेल्यांसाठी तिथं फ्रीअर टाउन वसवलं, तेव्हा शरणपुरात वाढलेली ही माणसं तिथं आधीपासून कामाला लागलेली होती.