'हॅरॉल्ड अँड मॉड' आणि त्याचे प्रेक्षक

'हॅरॉल्ड अँड मॉड' हा डिसेंबर १९७१मध्ये प्रदर्शित झालेला अमेरिकी चित्रपट. दिग्दर्शन हॅल ॲशबी यांचे, पटकथा कॉलिन हिगिन्स यांची, प्रमुख भूमिका रूथ गॉर्डन आणि बड कॉर्ट यांच्या. मरणाच्या वेडाने झपाटलेला, विशीच्या उंबरठ्यावरचा श्रीमंत घरचा मुलगा आणि ऐंशीला टेकलेली, जगण्यावर लुब्ध असलेली बाई यांची ही प्रेमकथा; आणि ती विनोदी आहे. काळ्या विनोदाच्या, चाकोरीबाहेरच्या प्रेमपटाबद्दल प्रेक्षक काय बोलतो आणि ते बोलणे वर्षांगणिक कसे पालटत जाते, हे या एका चित्रपटाच्या बाबतीत जितके लख्ख दिसते तितके क्वचितच दिसते. समीक्षकांनी तो झिडकारला, तिकीटखिडकीवर तो आपटला, आणि मग प्रेक्षकांनीच तो एकेका थिएटरात उचलून धरला. ही नोंद मुख्यतः त्या प्रेक्षकांविषयी आहे.

पैसा पॅरामाउंट या बड्या स्टुडिओचा असला तरी चित्रपटाचा पिंड स्वतंत्र सिनेमाचा आहे. हिगिन्स लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चित्रपटकला शिकत होते आणि ही पटकथा त्यांनी तिथल्या पदवीसाठी लिहिली. त्या काळात ते एडवर्ड लुईस या निर्मात्याच्या घरचा पोहण्याचा तलाव साफ करण्याचे काम करत. संहिता आधी लुईस यांच्या पत्नीच्या हातात पडली आणि तिथून स्टुडिओपर्यंत पोहोचली. दिग्दर्शन आपणच करावे अशी हिगिन्स यांची इच्छा होती; पण त्यांनी करून दाखवलेले चाचणी चित्रण स्टुडिओला पसंत पडले नाही आणि काम ॲशबींकडे गेले. ॲशबी मूळचे संकलक. संकलनासाठी ऑस्कर मिळालेले, पण दिग्दर्शक म्हणून तोवर एकच चित्रपट नावावर असलेले. त्यांनी हिगिन्सना सहनिर्माता म्हणून सोबत ठेवले. चित्रीकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवतालच्या खऱ्या घरांत, रस्त्यांवर आणि दफनभूमींत झाले. गर्दी खेचणारा तारा एकही नव्हता; रूथ गॉर्डन यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळून काही वर्षे झाली असली तरी सत्तरी ओलांडलेली नायिका पोस्टरवर कशी दाखवायची, हा प्रश्न स्टुडिओला सुटला नाही. जाहिरातीत चित्राऐवजी बरीचशी अक्षरेच दिसली.

पहिल्याच प्रसंगात प्रेक्षकांची फाळणी होते. हॅरॉल्ड जिना उतरून येतो, रेकॉर्ड लावतो, मेणबत्ती पेटवतो. त्याचा चेहरा बराच वेळ दिसत नाही. दिसतात पाय आणि हात. मग एकदम तो गळफास घेतलेला दिसतो. आई आत येते, त्याच्याकडे बघते, शांतपणे फोनवरचे आपले काम उरकते आणि जाताना रात्रीचे जेवण आठ वाजता आहे याची आठवण करून देते. हे त्याचे सोंग आहे आणि असली सोंगे तिने खूप पाहिली आहेत, एवढे आपल्या ध्यानात येईपर्यंत सभागृहात कुणी हसलेले असते, कुणी शहारलेले असते. काही जण तर इथेच उठून जात. हा धक्का सहन करून बसून राहिलेल्यांचा चित्रपट पुढे सुरू होतो. आई संगणकाच्या मदतीने त्याच्यासाठी एकापाठोपाठ तीन मुली बोलावते आणि प्रत्येकीसमोर तो नवे सोंग उभे करतो. तिसरी मुलगी नाटकवाली. ती घाबरत नाही. उलट ज्युलिएटचा मरणप्रसंग करून दाखवते. अनोळखी लोकांच्या दफनविधींना हजेरी लावायची हॅरॉल्डला सवय आहे, आणि तिथेच त्याला मॉड भेटते. तिलाही तीच सवय.

समीक्षकांचे पहिले शब्द निष्ठुर होते. 'व्हरायटी' या व्यवसायपत्राने चित्रपटातल्या गमतीची तुलना जळत्या अनाथाश्रमाशी केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये व्हिन्सेंट कॅन्बी यांना दोन्ही मुख्य नट किळसवाणे वाटले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दीड तारा दिला. गॉर्डन आणि कॉर्ट या दोघांनाही गोल्डन ग्लोबची नामांकने मिळाली, पण त्याने गल्ल्यावर काही फरक पडला नाही. नाताळच्या सुट्टीत घरच्या मंडळींना घेऊन आलेल्या प्रेक्षकाला गळफासाने सुरुवात होणारा विनोदी चित्रपट दाखवणे ही चूकच होती. त्या प्रेक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

मत पालटले ते छोट्या थिएटरांत आणि महाविद्यालयांच्या गावांत. यातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिस शहराला लागून असलेल्या ईडायना या उपनगरातले वेस्टगेट थिएटर. १९७२च्या वसंतात तिथे हा चित्रपट लागला आणि दोन वर्षांहून अधिक काळ उतरला नाही. घराजवळच्या या एकाच पडद्यावर आता दुसरे काहीतरी दाखवा, या मागणीसाठी आसपासचे रहिवासी फलक घेऊन थिएटरबाहेर उभे राहिले. चित्रपटाविरुद्ध निदर्शने म्हटली की अश्लीलता, धर्म, राजकारण असली कारणे डोळ्यांसमोर येतात. इथे कारण एवढेच, की तो जाता जात नव्हता. बाहेर फलक आणि आत भरलेल्या खुर्च्या. गॉर्डन आणि कॉर्ट दोघेही या थिएटरला भेट देऊन गेले. समीक्षकांनी वाऱ्यावर सोडलेल्या चित्रपटाच्या नटांचे एका उपनगराने असे स्वागत करावे, ही त्या काळच्या प्रेक्षकमताची सर्वांत बोलकी नोंद आहे.

तोच तोच चित्रपट पाहायला लोक का येत होते? एक कारण संगीताचे. कॅट स्टीव्हन्स यांची गाणी चित्रपटभर आहेत. बरीचशी त्यांच्या १९७०च्या दोन ध्वनिमुद्रिकांतली, पण दोन खास या चित्रपटासाठी केलेली. ती दोन गाणी बाजारात रेकॉर्डवर मिळायला १९८४ साल उजाडावे लागले. तोवर ती ऐकायची तर तिकीट काढून अंधारात बसणे, एवढाच मार्ग. दुसरे कारण सोबतीचे. हा चित्रपट बहुतेकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून पाहिला आणि मग आपल्या जवळच्या कुणाला तरी ओढून नेले. त्या माणसाला तो आवडतो की नाही यावरून त्या माणसाबद्दल मत बनवायचे, ही त्याच्या चाहत्यांची जुनी खोड. १९९८च्या एका गाजलेल्या हॉलिवूड विनोदपटाची नायिका याच चित्रपटाला आपला सर्वांत आवडता म्हणते, आणि एवढ्याने नायकाला आणि प्रेक्षकाला तिचा स्वभाव कळतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे: हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना वेगळा होतो. संध्याकाळी पाण्याकाठी दोघे बसलेले आहेत. देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झालेल्या ड्रायफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट मॉड सांगते. डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर कैदेत असताना त्याने फार सुंदर पक्षी पाहिल्याचे लिहिले होते आणि पुष्कळ वर्षांनी त्याला कळले की ते साधे समुद्रपक्षी होते, सीगल. ती म्हणते की तिच्या लेखी ते कायम ते सुंदर पक्षीच राहतील. हॅरॉल्ड तिचा हात हाती घेतो आणि त्याची नजर तिच्या दंडाखाली गोंदलेल्या आकड्यावर पडते. सेकंदभराचेच दृश्य. संगीत वाढत नाही, कुणी काही विचारत नाही, पुढेही त्याचा उल्लेख नाही. नाझी छळछावणीतून वाचलेली ही बाई आहे हे ज्याने डोळे मिटता मिटता हुकवले, त्याला मॉड म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या पळवणारी, शहरातले आजारी झाड उपटून जंगलात लावायला निघालेली एक लहरी म्हातारी वाटते. ज्याने ते पाहिले, त्याच्यासाठी तिचे प्रत्येक हसू मागे जाऊन बदलते. दफनभूमीत ती का रमते, मालमत्तेची तिला फिकीर का नाही, पोलिसासमोर ती का डगमगत नाही, सगळ्याला आता वेगळा अर्थ येतो. चाहत्यांच्या बोलण्यात हा क्षण सतत येतो, आणि 'मला तो पहिल्या वेळी दिसलाच नव्हता' ही कबुलीही. ॲशबी संकलक होते याचा पुरावा हवा असेल तर तो इथे आहे. हे दृश्य आणखी दोन सेकंद टिकले असते तर चित्रपट अश्रूंच्या दिशेने कलला असता.

असाच दुसरा जोड फुलांचा. एकसारखी दिसणारी डेझीची फुले प्रत्यक्षात एकेक वेगळी असतात आणि वेगळ्या माणसांनी स्वतःला एकसारखे समजू देण्यातून जगातले पुष्कळ दुःख येते, असे मॉड सांगते. पुढच्याच दृश्यात ते दोघे पांढऱ्या थडग्यांमध्ये बसलेले दिसतात आणि कॅमेरा मागे मागे जातो तशा एकसारख्या थडग्यांच्या रांगा पडदाभर पसरतात. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते आणि वेस्टगेटमधल्या तरुण प्रेक्षकांपैकी अनेकांच्या घरी सैन्यात बोलावणे येण्याची भीती होती. त्यांना या थडग्यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार.

नापसंतीची कारणे तीन दिशांनी येतात. पहिली वयाची. साठ वर्षांच्या अंतराची प्रीती पडद्यावर आली की बऱ्याच प्रेक्षकांना संकोच होतो. मराठी माणसाने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: म्हातारा नवरा आणि अल्पवयीन वधू यांच्यासाठी आपल्याकडे 'जरठ-कुमारी विवाह' असा तयार शब्द आहे आणि त्याच्यावर देवलांचे 'संगीत शारदा' हे १८९९चे नाटकही आहे, उलट जोडीला मात्र भाषेत शब्दच नाही. शब्द नसणे हा त्या संकोचाचाच भाग. चित्रपटात एक धर्मगुरू या संबंधाची किळस फार तपशिलात बोलून दाखवतो आणि प्रेक्षकाच्या मनातली खळबळ त्याच्या तोंडून बाहेर पडते. सैन्यातला काका, मानसोपचारतज्ज्ञ आणि हा धर्मगुरू असे तिघे पाठोपाठ कॅमेऱ्यात बघून उपदेश करतात. मागे भिंतीवर अनुक्रमे निक्सन, फ्रॉइड आणि पोप. इतका उघड उपहास काहींना बाळबोध वाटतो, आणि तो थोडा तसा आहेच. लष्करी काका, ज्याचा रिकामा अस्तनीचा हात दोरी ओढली की सलाम ठोकतो, तो मात्र आजही सभागृह हलवतो.

दुसरी तक्रार अशी, की आत्महत्येची गंमत करू नये. अलीकडच्या तरुण प्रेक्षकांकडून ती अधिक ऐकू येते आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. जवळचे माणूस असे गमावलेल्याला हॅरॉल्डची सोंगे पाहवत नसतील तर त्याच्याशी वाद घालू नये. मात्र चित्रपट स्वतः ही सोंगे कुठून येतात ते सांगतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत स्फोट झाला, मुलगा मेल्याची चुकीची बातमी पोलिसांनी आईला दिली आणि ती कोसळली. लपून बघणाऱ्या हॅरॉल्डला तेव्हा पहिल्यांदा वाटले की आपल्यासाठी कुणाला काही वाटते. हे तो मॉडला सांगतो आणि सांगता सांगता रडतो. बड कॉर्ट यांचा निर्विकार गोल चेहरा या एका प्रसंगात मोडतो, आणि मग आधीची सगळी सोंगे आठवून हसू ओशाळते.

तिसरी तक्रार मॉडच्या शेवटाबद्दल. ऐंशीव्या वाढदिवसाला ती स्वतःच्या इच्छेने जाते. जीवनाचा इतका उत्सव करणाऱ्या बाईने असे का करावे, हा प्रश्न चाहत्यांनाही सुटलेला नाही. कुणी तिला स्वतःचा शेवट स्वतः ठरवण्याचा हक्क देतात. छावणीत हाच हक्क हिरावून घेतला गेला होता, असेही म्हणतात. कुणाला तो हॅरॉल्डवरचा अन्याय वाटतो. प्रस्तुत लेखकाला दुसरे म्हणणे अधिक पटते: रुग्णवाहिकेत तिच्याकडे बघणाऱ्या हॅरॉल्डच्या चेहऱ्यावर फसवले गेल्याची जी वेदना आहे, ती ॲशबींनी लपवलेली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. हिगिन्स यांनीच याचे नाटक केले आणि पॅरिसमध्ये मादलेन रनो या फ्रेंच अभिनेत्रीच्या भूमिकेने ते गाजले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९८०मध्ये मात्र चार प्रयोगांत पडदा पडला. चित्रपटाला नफा दिसायला १९८३ साल लागले. हिगिन्स आणि ॲशबी दोघेही १९८८मध्ये वारले. १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत चित्रपटाचा समावेश झाला आणि २००८मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने निवडलेल्या दहा प्रेमविनोदी चित्रपटांत तो नवव्या क्रमांकावर आला.

प्रेक्षकांचा सर्वांत मोठा वाद अखेरच्या दृश्यावर आहे. आईने भेट दिलेल्या जॅग्वार गाडीची हॅरॉल्डने स्वतःच्या हातांनी शववाहिका करून टाकली होती. इस्पितळातून तो ती पावसाळी रस्त्यांवरून भरधाव नेतो, कड्याच्या टोकावरून गाडी खाली कोसळते, आणि काही क्षण पडदा नुसता त्या चुराड्याकडे बघत राहतो. हे सोंग आहे की खरे, हे दीड तास सोंगे पाहिलेल्या प्रेक्षकालाही सांगता येत नाही. मग कॅमेरा वर जातो. कड्याच्या काठावर हॅरॉल्ड उभा आहे, गळ्यात मॉडने दिलेला बँजो. तो वळतो आणि, अजून नीट येत नसलेला तो बँजो वाजवत, चालू लागतो.