जार आणि वॉर : झिप तीच, मांडणी निराळी

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या एका जिनिंगसाठी कापसाचा रोजचा भाव दाखवणारे छोटे जावा अप्लिकेशन तयार करताना, डेटाबेसचा पासवर्ड असलेली प्रॉपर्टीज (सेटिंग्जची) फाइल मी जारच्या (जावा कोडच्या गठ्ठ्याच्या) सवयीने वॉर फाइलच्या (जावा वेब-अप्लिकेशनच्या गठ्ठ्याच्या) मुळाशी, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली. अप्लिकेशनला ती सापडेना. उलट ब्राउझरमध्ये तिचे नाव टाकताच पासवर्ड मात्र पडद्यावर उमटला.

दोन्ही फाइली झिप स्वरूपाच्याच असतात आणि दोन्हींत मेटा-इन्फ नावाचे फोल्डर आढळते, त्यामुळे गल्लत सहज होते. जार ही जावा व्हर्च्युअल मशीनने थेट वाचायची वस्तू असल्यामुळे पॅकेजच्या (क्लासच्या गटांच्या) नावांनुसार केलेली क्लासची (संकलित कोडच्या फाइलींची) फोल्डरे तिच्या मुळापासूनच सुरू होतात, आणि ती चालवायची असल्यास सुरुवात कोणत्या क्लासपासून करायची हे मेटा-इन्फमधील मॅनिफेस्ट या माहिती-फाइलीतील मेन-क्लास ही ओळ सांगते. जारच्या आत दुसरी जार नुसती ठेवून दिली, तर नेहमीचा क्लास लोडर (क्लास शोधून आणणारा जावाचा भाग) तिच्यातील क्लास शोधत नाही.

वॉर वाचतो तो टॉमकॅटसारखा सर्व्हलेट कंटेनर, म्हणजे वेब-विनंत्यांना उत्तर देणारे जावा क्लास (सर्व्हलेट) चालवणारा सर्व्हर, आणि तिच्या मुळाशी असलेली पाने, चित्रे व स्टाइलशीट तो मागेल त्याला देतो. जिनिंगच्या फाटकावरचा भावफलक येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा, पण हिशेबाची वही दिवाणजींच्या खोलीतच राहावी, तशी वॉरमधील खोली म्हणजे वेब-इन्फ; तिच्यातील काहीही कंटेनर ब्राउझरला थेट देत नाही. (मेटा-इन्फलाही हाच नियम आहे.) वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरमध्ये आपले क्लास आणि लिब फोल्डरमध्ये लागणाऱ्या जार असतात, म्हणजे जारला न पेलणारी जारमधली जार येथे रीतसर चालते. कोणता सर्व्हलेट कोणत्या पत्त्यावर उत्तर देईल हे वेब-इन्फमधील वेब.एक्सएमएल या फाइलमध्ये लिहितात, परंतु 2009 च्या सर्व्हलेट 3.0 पासून ते काम कोडमध्येच क्लासवर लिहिलेल्या खुणेने म्हणजे अ‍ॅनोटेशननेही भागते. तरीही लहान गावात, जिथे पुढे दुरुस्तीला कोण येईल याचा नेम नसतो, तिथे सगळे पत्ते एका जागी दिसणारी ही फाइल मला अधिक सोयीची वाटते.

माझी प्रॉपर्टीज फाइल अखेर वेब-इन्फमधील क्लासेसमध्ये गेली. कोडची एकही ओळ बदलावी लागली नाही, कारण क्लास लोडरच्या लेखी जारचे मूळ आणि वॉरमधील क्लासेस फोल्डर ही एकाच मोलाची जागा आहे. पासवर्ड तेवढा नवा घ्यावा लागला.