लहान पापलेट आमच्याकडे का मिळत नाही

'ताटात अख्खं मावेल असं पापलेट आहे का?' दुकानात आणि फोनवरही हा प्रश्न रोज येतो. तेवढं लहान पापलेट आम्ही ठेवत नाही. तळहाताएवढं पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. पापलेट सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारने मासळीच्या 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पण धक्क्यावर पिल्लांच्या टोपलीला बोली लागते, कारण मागणी आहे. भाऊच्या धक्क्यावर लिलावाला उभं राहिलो की आम्ही आधी आकार बघतो, मग भाव. मोठं पापलेट महाग पडतं हे मान्य. महिन्यातून दोनदाच घ्या, पण मोठं घ्या, तुकड्या करून घ्या.

बाकीच्या दिवशी काय? बोंबील, मांदेली, बांगडा, तारली. हे मासे लवकर वाढतात, लवकर वितात, त्यामुळे त्यांची भरपाई लवकर होते. उलट घोळ, मोठी मुशी, वाम यांना वाढायला वेळ लागतो. शिंगाळ्याचा नर तर अंडी पिल्लं होईपर्यंत तोंडात सांभाळतो. तो जाळ्यात आला की पुढची पिढीही त्याच्याबरोबर गेली. बोंबील पकडणाऱ्या डोल जाळ्यातही (समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं) पापलेटची पिल्लं अडकतात, हेही सांगायला हवं. पूर्ण निर्दोष असं जाळं आम्हाला ठाऊक नाही. म्हणून एकाच माशावर सगळा भार नको.

पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी किंवा शेवंड आम्ही विकत नाही, कितीही मागितली तरी. मुंबईच्या समुद्रातली चपट्या शेवंडीची एक जात 1990 च्या दशकात जवळजवळ संपली. आधी ती ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर यायची. गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, आम्हालाही प्रिय आहे, पण विणीच्या दिवसांत खास गाबोळीसाठी मासा मागू नका.

पावसाळ्याबद्दल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात 'ताजी' सुरमई दिसली तर ती कुठून आली ते जरूर विचारा. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणून जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा बर्फात इकडे येतो. काही माल शीतगृहातला असतो. तो खायला वाईट नाही, पण त्याला ताजा म्हणून विकणं चुकीचं. आमच्याकडे तेव्हा सुके बोंबील, सोडे, सुकट आणि शेततळ्यातली कोळंबी मिळेल. वर्सोव्याच्या वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, उन्हात वाळलेल्या बोंबलांची चटणी आणि गरम भाकरी असली की पापलेटची आठवण येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

ऑर्डर देताना माशाचं नाव सांगायच्या आधी काय करायचंय ते सांगा: कालवण, तळण, की मुलांसाठी कमी काट्याचं काही. घरी किती माणसं आहेत तेही सांगा. त्या दिवशी धक्क्यावर जे चांगलं आणि पुरेशा आकाराचं आलं असेल ते सुचवू. माशाबरोबरच्या चिठ्ठीवर तो कुठल्या बंदरावर उतरला आणि ताजा आहे की गोठवलेला, ते लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसेल तर आम्हाला विचारा.